रावसाहेबांचा फेटा

"दार लाव आधी," रावसाहेब म्हणाले. "कडी पण घाल."

मी कडी घातली. खोली शाळेच्या हेडमास्तरांची होती. बाहेर पटांगणात मंडप घातला होता आणि मंडपातल्या डीजेवर रावसाहेबांच्या नावाचं, खास करवून घेतलेलं गाणं सकाळपासून पुन्हा पुन्हा वाजत होतं. त्या दणक्यानं टेबलावरची पितळी घंटा आपोआप किणकिणत होती. रावसाहेबांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला, खुर्चीत बसले आणि मग डोकं माझ्या ताब्यात दिलं.

"घट्ट बांध. मागच्या खेपंला ढिला पडला हुता."

"ढिला न्हवता पडला. तुमी मंत्रीसाहेबांच्या पाया पडताना लई खाली वाकला, म्हणून घसरला."

"लई बोलतोस, केरबा."

"हात चालत असला की तोंड बी चालतंय, रावसाहेब."

ते गप्प बसले, कारण फेटा निम्मा झाला होता आणि निम्म्या फेट्यानं उठून जाता येत नाही. माझ्या धंद्यात हे एक सुख होतं. तालुक्यात कुणापुढं मान न वाकवणारी माणसं माझ्यापुढं मुकाट मान वाकवून बसायची.

त्या काळी मी सगळ्या प्रकारचे फेटे बांधायचो. लग्नातले, मिरवणुकीतले आणि सगळ्यात जास्त सत्कारातले. आमच्या कासारघाटात सत्काराचं पीक बारमाही. कुणी सोसायटीचा चेअरमन झाला की सत्कार, चेअरमनकी गेली की यशस्वी कारकिर्दीबद्दल सत्कार, आणि हृदयाचं ऑपरेशन करून परत आला तर मृत्यूला हरवल्याबद्दल सत्कार. डोकं हातात आलं म्हणजे माणूस कळतो असं काही मी म्हणणार नाही. पण किती तेल लावतो, किती कलप लावतो आणि आरशासमोरून उठायला किती वेळ घेतो, एवढं नक्की कळतं. रावसाहेब इंगवल्यांचा फेटा मात्र नेहमी बंद दाराआड बांधायचा, अशी त्यांची ताकीद होती. का, ते मला आणि त्यांच्या मंडळींनाच ठाऊक. येईलच ते पुढं.

त्या दिवशीचा सत्कार पुरातल्या सेवेबद्दल होता. आदल्या वर्षी नदीनं निम्मं कासारघाट पोटात घेतलं होतं. माणसं छपरांवर, गच्च्यांवर, झाडांवर अडकली होती. महिपती भोई आणि त्याच्या भावकीतले तिघेचौघे, एवढ्यांनी मिळून एका फायबरच्या बोटीतून गावच्या गाव बाहेर काढलं. महिपतीची बायको हौसाक्का. तिनं ह्याच शाळेच्या आवारात दगडांच्या चुली मांडल्या आणि पाणी ओसरेपर्यंत सगळ्यांना भाकरी घातली. माझ्या आईला महिपतीनं कौलं काढून पाठंगुळी बाहेर आणलं होतं, आणि हौसाक्कानं तिला स्वतःच्या हातानं पेज पाजली होती. काम केलेली माणसं म्हणाल तर ही एवढीच.

पण सत्काराला डोकी होती पंचवीस. पुरस्काराचं नाव 'जलदूत'. गच्चीवरून मोबाईलवर पुराचं शूटिंग करणारा रावसाहेबांचा भाचा जलदूत. स्वतःचा फोटो छापलेल्या पिशवीतून बिस्किटं वाटणारे, आणि फोटो नीट आला नाही म्हणून दोन पिशव्या परत मागून घेणारे कारखान्याचे एक संचालक जलदूत. पूर आला तेव्हा पुण्याला मुलीकडे असलेले निवृत्त मामलेदारही जलदूत, कारण त्यांनी तिथून रोज फोन करून चौकशी केली होती. आणि महाजलदूत कोण? तर रावसाहेब. पुरस्कार समितीचे अध्यक्ष रावसाहेब, पुरस्कार जाहीर करणारे रावसाहेब आणि घेणारेही रावसाहेबच. द्यायला तेवढे मंत्रीसाहेब येणार होते.

हौसाक्काचं नाव कुणीतरी बैठकीत सुचवलं होतं म्हणे. रावसाहेब म्हणाले, "बायकांचं आपन संक्रांतीला हळदीकुंकवात बघू." आणि मग जेवणावळीची भांडी घासायला तिलाच बोलावणं धाडलं. एवढी मोठाली पातेली उचलणारी दुसरी बाई गावात नव्हती.

रावसाहेबांचा तुरा नीट करून मी बाहेर आलो. मंत्रीसाहेबांचा जरीचा फेटा माझ्या पेटीत घडी घालून ठेवला होता. तो त्यांच्या डोक्याला हात लावायची परवानगी मिळाल्यावर बांधायचा होता. बाकी सगळे जलदूत फेटे बांधून व्यासपीठावर ओळीनं बसले होते. उन्हानं गळ्यावरून घाम निथळत होता, पण फेट्याला हात लावायची कुणाची तयारी नव्हती. महिपती तेवढा व्यासपीठाखाली उभा होता. फेटा डोक्यावर होता, पण लक्ष दुसरीकडं होतं.

"केरबाअण्णा, बगा की वो, काय केलंय माज्या बोटीचं!"

बोट व्यासपीठासमोर मांडली होती. शोभेला. तिच्यात काठोकाठ माती भरून झेंडूची रोपं लावली होती. वर रावसाहेबांच्या हसऱ्या चेहऱ्याचा बोर्ड उभा केला होता आणि त्याचा लोखंडी सांगाडा हलू नये म्हणून बोटीच्या बुडाला गिरमिटानं भोकं पाडून नटबोल्ट आवळले होते. मी वाकून बघितलं. आठ-दहा भोकं सहज होती.

"तुला इचारलं न्हाई?"

"मागून न्हेली काल. म्हनले, बोटीचा बी सत्कार करायचाय."

तेवढ्यात ढेकळे सर आले. हे आमचे कॉलेजातले प्राध्यापक आणि तालुक्यातल्या सगळ्या कार्यक्रमांचे निवेदक. साधं पाणी मागायचं झालं तरी ते आधी श्रोत्यांना वंदन करायचे.

"महिपतराव, चला, स्थानापन्न व्हा."

"सर, ही बोट मोकळी करा आधी. वर डोंगरात चार दिस झड लागलीय. धरण भरलंय. कवा बी दारं उगडतील."

"अहो, ही नौका आता नौका राहिलेली नाही. ती सेवेचं प्रतीक झाली आहे."

"परतिकात बसवून मानसं आनता येत्यात का?"

मी हसलो. सर हसले नाहीत. "पाणी सोडलं की भोंगा वाजतो ना? मग ऐकू येईलच की," एवढं म्हणाले, महिपतीला वर नेऊन बसवलं आणि माइककडे गेले. हे वाक्यसुद्धा त्यांना दोनदा ओरडून म्हणावं लागलं, कारण डीजेपुढं हाताच्या अंतरावरचं ऐकू येत नव्हतं. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही.

मंत्रीसाहेब बाराला येणार होते. दोन वाजले तरी "नाक्यावर आल्यात" हेच चाललं होतं. ढेकळे सरांनी तेवढ्या वेळात रावसाहेबांना दीपस्तंभ, वटवृक्ष आणि आधुनिक भगीरथ करून टाकलं होतं. समोर बसलेली माणसं पुरस्कारासाठी नव्हे, जेवणासाठी थांबली होती. पहिली पंगत उठली होती आणि दुसरी मंत्र्यांसाठी अडवून धरली होती.

आणि मग शालन धावत आली. ती हौसाक्काबरोबर भांड्याला होती. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात राखेचा चोथा तसाच. ती मधल्या वाटेनं सरळ व्यासपीठाकडं निघाली तसे दोघं स्वयंसेवक आडवे झाले. बिल्ले लावलेले स्वयंसेवक. त्यांना वाटलं बाई वाढपाचं काहीतरी गाऱ्हाणं घेऊन आली. ती ओरडत होती, तोंड हलताना दिसत होतं आणि गाण्यात रावसाहेबांचा जयजयकार चालला होता. मी पेटी टाकून तिच्यापाशी गेलो आणि कान तिच्या तोंडाशी नेला.

"अक्का अडकली! पानी आलंया! चौथऱ्यावर अडकली अक्का!"

मी डीजेकडं धावलो आणि हाताला येईल ती वायर उपटली. गाणं बंद पडलं, आणि त्या शांततेत नदीकडून भोंगा ऐकू आला. किती वेळ वाजत होता कोण जाणे.

"कोण रे तो?" रावसाहेब व्यासपीठावरून गरजले.

तोवर महिपतीनं व्यासपीठावरून खाली उडी टाकली होती आणि तो घाटाकडं पळत सुटला होता.

घाट शाळेच्या मागंच. नदीत, घाटापासून हाकेच्या अंतरावर, जुन्या पुलाचा एक पडका खांब उरलाय आणि त्याच्याभोवती दगडी चौथरा आहे. एरवी पाणी पोटरीएवढं असतं. मंडपासमोरची धूळ बसावी म्हणून भांड्यांसाठी आणलेला टँकर रस्त्यावर ओतला होता, त्यामुळं बायका पातेली घेऊन नदीवर गेल्या होत्या. शालन काठाला होती. हौसाक्का मोठी पातेली घेऊन चौथऱ्यावर गेली, कारण घासायला दगड तिथं चांगला. आता चौथरा दिसतच नव्हता. हौसाक्का पडक्या खांबाला मिठी मारून उभी होती, पाणी तिच्या मांडीला लागलं होतं, आणि गढूळ तांबड्या पाण्यातून एक पातेलं गरगरत खाली चाललं होतं.

"हलू नगं!" महिपती ओरडला. "हौसा, हात सोडू नगं!"

तिनं मान हलवली एवढंच दिसलं.

तो उलट्या पावली मंडपात पळाला, आम्ही त्याच्यामागं. बोटीतली माती दोघातिघांनी फावड्यानं उपसायला घेतली, पण त्यानं हातानंच नको म्हटलं. भोकं पडलेली बोट पाण्यात घालून काय करणार! "दोर कुठाय? पथकाचा दोर!" मंडपवाला पुढं आला. तोंड एवढंसं झालं होतं त्याचं. गावच्या बचाव पथकाचा नायलॉनचा लांब दोर रावसाहेबांच्या माणसानंच त्याला आणून दिला होता आणि त्यानं त्याचे हातहातभर तुकडे करून मंडपाचे वासे बांधले होते. वर बघितलं तर सगळ्या मंडपात आमचा दोर दिसत होता.

"जाकिटं!" महिपती म्हणाला.

लाइफ जॅकेटं व्यासपीठावरच होती. मंत्र्यांच्या हस्ते प्रदान करायची म्हणून चमकत्या कागदात बांधून, लाल रिबिनी लावून, खोक्यांची उतरंड रचली होती. महिपतीनं वरचं खोकं ओढलं आणि फाडलं. आत वर्तमानपत्राचे बोळे. दुसरं फाडलं. त्यातही बोळे.

"जॅकेटं पुढच्या आठवड्यात येणार आहेत," ढेकळे सर हळूच म्हणाले. "आज फक्त फोटोपुरतं..."

महिपतीनं त्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं आता हा सरांच्या कानाखाली आवाज काढणार. काढला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं काय केलं, तर डोक्यावरचा फेटा काढून फेकला. तो भगवा फेटा उलगडत व्यासपीठाच्या पायऱ्यांवरून खाली गेला.

ते बघितलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. एका फेट्याचं कापड नऊ मीटर. आणि तिथं पंचवीस डोकी बसली होती.

"फेटे काढा!" मी ओरडलो. "सगळे फेटे काढा! मंडपाचं कापड कुजकंय, फेटे काढा!"

पेटीतला मंत्रीसाहेबांचा जरीचा फेटा मीच पहिला बाहेर काढला.

"केरबा! तो साहेबांचा हाय!" रावसाहेब म्हणाले.

"साहेब नाक्यावर हायत. हौसाक्का पान्यात हाय."

महिपतीच्या भावकीतल्या लोकांनी आपले फेटे दिले, ते न सांगता. बाकीच्यांकडून मला ओढून घ्यावे लागले. त्या जलदूतांचे एकेकाचे चेहरे अजून डोळ्यांपुढं आहेत. मामलेदार म्हणाले, "पुन्हा बांधून देणार ना?" संचालकांनी विचारलं, "फोटो झाला का पण?" भाच्यानं एका हातानं फेटा दिला आणि दुसऱ्या हातानं शूटिंग चालू ठेवलं. आदल्या वर्षीही त्यानं हेच केलं होतं. दोन-दोन फेट्यांना एकत्र पीळ देत, गाठी मारत आम्ही घाटाकडं पळालो. लग्नघरात मी बायकांना सांगायचो की फेट्याला पाय लावू नका. त्या दिवशी चिखलातून ओढत नेले.

महिपतीनं जरीच्या फेट्याचं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, काठाकाठानं वर गेला आणि पाण्यात उतरला. धारेनं त्याला खांबाकडं न्यावं असा त्याचा बेत होता. आम्ही दहा-बारा जण काठावर पीळ धरून होतो, एकेक हात सोडत होतो. हौसाक्काच्या कमरेच्या वर पाणी गेलं होतं. ती ओरडत नव्हती, नवऱ्याकडं टक लावून बघत होती.

महिपती जवळ गेला. आणखी जवळ गेला. आणि आमच्या हातातला फेटा संपला.

"सोडा!" तो ओरडला. "सोडा की!"

सोडायला काही उरलंच नव्हतं. आम्ही पाण्यात शिरलो, पार छातीएवढ्या पाण्यात. तरी महिपती खांबापासून चार-पाच हात अलीकडं लटकत राहिला. पाणी त्याच्या डोक्यावरून जात होतं. तो हात लांब करत होता, हौसाक्का एक हात सोडून पुढं करत होती आणि दोन हातांच्या मधून नदी चालली होती. हे मी स्वप्नात कितीतरी वेळा बघितलंय.

"एक फेटा पायजे!" मी मागं वळून ओरडलो. "एकच!"

घाटाच्या पायऱ्यांवर सगळं गाव उभं होतं. सगळी डोकी उघडी. त्या उघड्या डोक्यांत एकच फेटा दिसत होता. गुलाबी, मोत्याच्या तुऱ्याचा. सकाळी कडी लावून मीच बांधलेला.

मी पाण्यातून बाहेर आलो. "रावसाहेब, फेटा द्या."

त्यांनी दोन्ही हात फेट्यावर ठेवले. "दुसरं कायतरी बगा. साडी बगा कुनाची. मान्साला कायतरी इज्जत असती का न्हाई?"

"तिकडं बाई मरतीया!"

"मग मी काय करू? साहेब यायला लागल्यात. असा जाऊ मी त्यांच्यासमोर?"

ढेकळे सर मधे पडले. "केरबा, अध्यक्षांच्या मस्तकावरचा फेटा म्हणजे संस्थेचा सन्मान..."

आता सांगतो कारण. रावसाहेबांच्या डोक्यावर केस नव्हते. एकही नव्हता. गाव ज्याला त्यांची दाट काळी जुल्फं समजत होतं तो मुंबईहून करून आणलेला टोप होता. फेट्याच्या आत टोप फार उकडतो म्हणून ते फेटा बांधायच्या आधी तो काढून गाडीच्या डिकीत ठेवायचे. एवढंच ते गुपित. टक्कल पडणं हा काही गुन्हा नाही, मलाही पडलंय. पण हौसाक्काचा जीव एका पारड्यात आणि दुसऱ्यात ह्या माणसाचं टक्कल, आणि पारडं टकलाकडं झुकलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो. मला त्यांची एवढी किळस आली की अंगावरच्या थंड पाण्याचं भान राहिलं नाही.

फेटा कुठून सुटतो ते बांधणाऱ्याला विचारावं लागत नाही. मी शेमल्याखालचं टोक धरलं आणि ओढलं. रावसाहेब हात आवळून उभे राहिले तरी गरगर फिरले. तुरा उडून पायरीवर पडला. नऊ मीटर कापड माझ्या हातात आलं आणि दुपारच्या उन्हात ते गुळगुळीत डोकं सगळ्या गावासमोर उघडं पडलं.

आणि कुणी बघितलंसुद्धा नाही.

एकानंही मान वळवली नाही. साऱ्या गावाचे डोळे नदीकडं होते. रावसाहेब दोन्ही तळवे डोक्यावर झाकून उभे होते, ह्याच्याकडं बघत, त्याच्याकडं बघत, आणि त्यांच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. मला त्या क्षणी हसायला यायला हवं होतं. पण मी पाण्यात पळत होतो.

गाठ मारली. फेटा सोडला. महिपती पुढं गेला आणि त्याचा हात खांबाला लागला. त्यानं आपल्या कमरेचं टोक सोडून हौसाक्काच्या कमरेला बांधलं, तिच्या पाठीमागून तिला धरलं आणि हात वर केला. आम्ही ओढायला लागलो. गुलाबी कापड माझ्याच मुठीत होतं, त्याचा रंग पाण्यानं सुटून माझ्या हातावर उतरला होता. मधेच दोघं पाण्याखाली गेली आणि वर आली. शालन काठावर बसून मोठमोठ्यानं रडत होती. मग महिपतीचे पाय पायरीला लागले.

हौसाक्का घाटावर आडवी झाली, पोटातलं पाणी ओकली, आणि डोळे उघडून पहिलं काय बोलली तर, "दोन पातेली ग्येली गं, शालन." महिपती तिच्याशेजारी बसून हमसून हमसून रडला. महापुरात निम्मं गाव वाचवताना त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

तेवढ्यात मंत्रीसाहेबांच्या गाड्या आल्या.

साहेब गाडीतून उतरले तो समोर ही गर्दी. ओली माणसं, चिखल, फेट्यांची ती लांबलचक रंगीत माळ. "काय प्रकार आहे?" त्यांनी विचारलं. रावसाहेब जागेवर नव्हते, पण ढेकळे सर होते. आणि सरांना माइक लागत नाही.

"साहेब, प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलं आम्ही! एका भगिनीचे प्राण संकटात होते. दोर अपुरा पडला. तेव्हा आमच्या रावसाहेबांनी क्षणाचाही विचार न करता स्वतःच्या मस्तकावरचा फेटा उतरवून दिला!"

टाळ्या पडल्या. आधी बिल्लेवाल्यांनी वाजवल्या, मग सगळ्यांनी. वाजवणाऱ्यांतली निम्मी माणसं घाटावर होती. तेवढ्यात गर्दी बाजूला सारत रावसाहेब आले. डोक्यावर दाट काळी जुल्फं, नीट भांग पाडलेली. डिकीपर्यंत जाऊन यायला त्यांना वेळ पुरला होता.

"माझं कर्तव्यच हुतं साहेब," ते म्हणाले आणि वाकले. ह्या वेळी घसरायला काही नव्हतं.

मंत्र्यांनी त्यांना उठवून छातीशी धरलं. भाच्यानं शूटिंग केलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पेपरात पहिल्या पानावर मथळा होता: भगिनीसाठी रावसाहेबांनी उतरवला फेटा. मी तो पेपर आईच्या हातातून घेतला आणि चुलीत घातला. आई म्हणाली, "आरं, तुजं नाव आलंय का बगितलंस का तरी?" मी बघितलं नव्हतं. आलं असतं तर जास्तच राग आला असता.

आठवडाभरानं रावसाहेबांचा निरोप आला, फेट्याची पेटी घेऊन भोई गल्लीत ये. मी गेलो. फेटा बांधायला नाही, काय नवं सोंग आहे ते बघायला. महिपतीच्या दारात रावसाहेब, ढेकळे सर आणि एक फोटोग्राफर उभे होते. सरांच्या हातात शाल आणि नारळ. हौसाक्का अंगणात बसून भांडी घासत होती. कुठल्यातरी लग्नघरची भांडी, तेच हात. महिपती परड्यात होता. बोटीतली माती काढून तो भोकांत डांबर भरत होता, आणि ते डांबर काही धरत नव्हतं.

"अक्का," रावसाहेब म्हणाले, "तुजा सत्कार करायचा ठरलाय. जाहीर. मी सवता तुला फेटा बांधनार, मंत्रीसाहेबांसमोर."

हौसाक्कानं पातेलं पालथं घातलं. "सत्कार ऱ्हाऊ द्या. बोटीची भोकं तेवढी बुजवून द्या. पानी काय, ते परत येतंय."

"ते बघू की सवडीनं," रावसाहेब म्हणाले.

"अक्का, असं करू नका," ढेकळे सर पुढं सरसावले. "फेटा हा आपल्या मातीतला सर्वोच्च मान. तो नाकारायचा नसतो. केरबा, काढ पेटी. आत्ता एक नमुन्याचा बांधून फोटो तरी घेऊ."

मी पेटी उघडली नाही. त्या दिवसानंतर सत्काराचा फेटा मी आजवर कुणाला बांधलेला नाही. लग्नाचे बांधतो.

हौसाक्कानं राखेचे हात पदराला पुसले, उभी राहिली आणि रावसाहेबांच्या भांगाकडं पहिल्यांदाच नीट बघितलं.

"मला बांधलाय की फेटा," ती म्हणाली. "मंत्र्याचा हुता, जरीचा. कमरंला बांधलाय, माज्या मालकानं."

आणि खाली बसून तिनं पुढचं पातेलं ओढलं.